लस आहे, टोचणारे हात हवेत

पूर्णा तालुक्यातील शेतकऱ्यास लाल कंधारी बैलजोडी म्हणजे चालते भांडवल होय. एके काळी बुळकांड्या हे भांडवल चार दिवसांत बुडवी. त्याविरुद्ध १९५४ साली राष्ट्रीय निर्मूलन मोहीम सुरू झाली आणि २०११ साली तो रोग जगातून नाहीसा झाल्याचे जाहीर झाले. हे यश एकट्या लसीचे नव्हे; गावोगाव हिंडून ती टोचणाऱ्या हातांचेही होय. २०२२ साली लंपी पसरली, तेव्हा शेळ्यांच्या देवीची लस उपयोगी पडली. पण ती गोठ्यापर्यंत नेण्यास माणसेच लागली.

राष्ट्रीय कृषि आयोगाने १९७६ साली पाच हजार जनावरांमागे एक पशुवैद्य असावा, असे सुचविले होते. परभणीस पशुवैद्यक महाविद्यालय असून तेथून पदवीधर बाहेर पडत आहेत. अशा स्थितीत दवाखान्यांतील पदे रिकामी ठेवणे ही काटकसर नव्हे, असे आमचे स्पष्ट मत आहे. १९६२ या क्रमांकावर फिरते पथक बोलाविता येते, ही सोय चांगली. परंतु पथकातही पशुवैद्य हवाच.

शेतकरी बंधूंनीही मृगापूर्वीच घटसर्प व फऱ्या यांची लस टोचून घ्यावी. तहान लागल्यावर विहीर खणण्यात शहाणपण नाही.