सही माझी, शेअर कुणाचा?

गेल्या महिन्यातली गोष्ट. कळमनुरी तालुक्यातल्या एका बचत गटाची बैठक संपवून मी पासबुकं पिशवीत भरत होते. बाकीच्या बाया गेल्या, पण एक वहिनी दाराशीच रेंगाळल्या. "ताई, एक विचारू का? हसू नका बघा," म्हणत त्यांनी मोबाइल पुढं केला. हळदीचे पैसे आले होते, त्यातले साठ हजार लेकीच्या नर्सिंगच्या फीसाठी बाजूला काढलेले. फी भरायला अजून सहा महिने. मुलाचं म्हणणं असं, की तोवर पैसे पडून कशाला ठेवायचे, शेअरमध्ये टाकू. कंपनी मोठ्या शहरात मॉल आणि ऑफिसच्या इमारती बांधणारी. शेअर एके काळी आठशेला होता, आता नऊ रुपयाला मिळतोय. "नऊचे अठरा व्हायला काय लागतं, म्हणतो. कंपनीची नुसती जमीनच लई किमतीची हाय म्हणं."

मी हसले नाही. हसणार तरी कोणत्या तोंडानं?

२००७ ची दिवाळी आमच्या घरात शेअरच्या गप्पांतच गेली होती. ज्याला त्याला तोच विषय. त्या दिवसांत नवीन कंपनीचे शेअर मिळावेत म्हणून घरातल्या प्रत्येकाच्या नावानं अर्ज भरत असत, त्यामुळं माझ्याही नावानं डिमॅट खातं निघालं. माहेरच्या वाटणीतून मला पन्नास हजार मिळाले होते, ते त्यात गेले. कंपनी अशीच, इमारती बांधणारी. नाव सांगत नाही. मी बी.ए. झालेली बाई, पण "इथं इथं सही कर" म्हटल्यावर पोळ्या लाटता लाटता हात पुसून सही केली. एक ओळही वाचली नाही. २०११ साली घरात अडचण आली तेव्हा ते शेअर विकले, हातात सहा हजार आणि काही रुपये आले. यजमानांना मी कधी बोलले नाही. ते तरी काय, सगळं गाव करत होतं तेच त्यांनी केलं. पण भावानं दिलेले ते पैसे कुठं गेले, हे मला आजही आईला नीट सांगता येत नाही.

आता सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण सांगते. मुंबईची एचडीआयएल कंपनी. २००७ च्या जुलैमध्ये तिचा शेअर लोकांनी ५०० रुपयांना घेतला. त्याच वर्षी मुंबई विमानतळाभोवतीच्या झोपडपट्टीतल्या हजारो कुटुंबांच्या पुनर्वसनाचं प्रचंड काम कंपनीला मिळालं आणि जानेवारी २००८ पर्यंत भाव हजाराच्या पार गेला. मग जगभर मंदी आली. २००९ च्या मार्चमध्ये तोच शेअर शंभराच्या खाली होता. विमानतळाचा करार २०१३ मध्ये रद्द झाला. कर्ज मात्र रद्द होत नसतं. शेवटी ऑगस्ट २०१९ मध्ये एका सरकारी बँकेच्या अर्जावरून कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली, आणि पुढच्याच महिन्यात पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर, म्हणजे पीएमसी बँकेवर, रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले. त्या बँकेच्या एकूण कर्जापैकी सुमारे ७३ टक्के, साडेसहा हजार कोटींच्या आसपास, या एकाच कंपनीच्या गटाकडं अडकलेलं होतं. सुरुवातीला खातेदाराला सहा महिन्यांत फक्त एक हजार रुपये काढायची मुभा होती. बँकेच्या दारात रडणाऱ्या बायका आपण टीव्हीवर पाहिल्या, आठवतं ना? त्यांनी तर शेअरही घेतले नव्हते. साध्या ठेवी होत्या बिचाऱ्यांच्या.

हे कसं होतं, ते आपल्या भाषेत सांगते. आपल्याकडं सोयाबीन पेरायला कर्ज काढतात. पाऊस गेला तर पीक जातं, पण व्याज उभं राहतं. बांधकाम कंपनीचंही तसंच, फक्त पीक यायला पाच-सात वर्षं लागतात. आज कर्ज काढून जमीन घ्यायची, परवानग्या मिळवायच्या, इमारत उभी करायची, मग गाळे विकायचे किंवा भाड्यानं द्यायचे. मध्येच मंदी आली, कोर्टकज्जा झाला की गाळे रिकामे राहतात. व्याज मात्र रोज रात्री आपण झोपल्यावरही वाढतं. मग जुनं कर्ज फेडायला नवीन कर्ज. सावकाराच्या दारात गेलेल्या घराची ही गत आपल्याला काही नवीन नाही.

राहिला प्रश्न "कंपनीची जमीन आहे ना" याचा. आहे, पण कुणाकडं गहाण आहे? एखाद्या घरी सातबारा असतो, त्यावर बँकेचा बोजा असतो आणि तरी पोरगी देताना लोक म्हणतात, दहा एकरवालं घर आहे. तसलाच हा प्रकार. कंपनी बुडाली तर तिची मालमत्ता विकून येणाऱ्या पैशाची पंगत कायद्यानं ठरवून दिलेली आहे. आधी दिवाळखोरी प्रक्रियेचा खर्च. मग गहाण ठेवून कर्ज दिलेल्या बँका आणि कामगारांची थकलेली मजुरी. त्यानंतर इतर नोकरदार, विनातारण कर्ज देणारे, सरकारी देणी. आणि साधा शेअर घेणारा सगळ्यात शेवटच्या पानावर. तोवर पातेलं खरवडलेलं असतं.

डीएचएफएल या घरकर्ज देणाऱ्या कंपनीत हेच झालं. तीही मुंबईचीच. कंपनी दिवाळखोरीत असतानाही तिचा शेअर बाजारात वीस रुपयांच्या आसपास मिळत होता. मोठा उद्योगसमूह कंपनी घेणार आहे, मग भाव वाढणारच, असं म्हणून कितीतरी लोकांनी तो घेतला. २०२१ मध्ये पिरामल समूहानं कंपनी खरोखरच घेतली, ३४ हजार २५० कोटींना. बँकांनाही पूर्ण पैसे मिळाले नाहीत. आणि शेअर घेणाऱ्यांना? शून्य. शेअर बाजारातून काढून टाकले, व्यवहार संपला. कंपनी वाचणं वेगळं आणि आपले पैसे वाचणं वेगळं, हे मला त्या वेळी पहिल्यांदा नीट समजलं.

कर्ज असलेली प्रत्येक कंपनी बुडतेच असं माझं म्हणणं नाही. दिल्लीकडची डीएलएफ बघा. तिनं २००५ मध्ये मुंबईतल्या लोअर परळची एका बंद गिरणीची जमीन ७०२ कोटींना घेतली होती. कर्ज डोईजड झालं तेव्हा २०१२ मध्ये तीच जमीन सुमारे २,७०० कोटींना विकली. पुढंही बरंच काही विकत कर्ज उतरवलं आणि कंपनी सावरली. पण जानेवारी २००८ मध्ये ज्यानं तिचा शेअर बाराशेला घेतला, त्याला तो भाव २०२४ मध्येही परत दिसला नाही. सोळा वर्षं! तेवढ्यात पाळण्यातली पोरगी बारावीला जाते. ऑफिसच्या भाड्यातच वाटा हवा असेल, तर २०१९ पासून आपल्याकडं त्यासाठीचे नोंदणीकृत ट्रस्ट बाजारात आले आहेत. त्यांच्या कर्जावर मर्यादा आहे, भाड्याचा बहुतेक पैसा वाटावाच लागतो. तिथंही भाव खाली-वर होतो, फीचे पैसे ठेवायची ती जागा नाही. फीचे पैसे बँकेतच बरे. एका बँकेत एका माणसाच्या ५ लाखांपर्यंतच्या ठेवीला २०२० पासून विम्याचं संरक्षण आहे, शेअरला असलं काही नाही.

आणि मला खरं बोलायचंय ते पुढंच आहे. देशात मार्च २०२० मध्ये चार कोटींच्या आसपास डिमॅट खाती होती, मार्च २०२४ मध्ये ती पंधरा कोटींच्या वर गेली. आता वसमत, सेनगावपासून औंढ्यापर्यंत पोरांच्या मोबाइलवर शेअर बाजार आहे. त्यातली किती खाती आईच्या, बायकोच्या नावानं आहेत, मला सांगता येणार नाही. पण माझ्या गटांमध्ये मी विचारलं, तेव्हा पाच बायकांनी हात वर केले आणि त्यातल्या एकीलाही स्वतःच्या खात्याचा पासवर्ड माहीत नव्हता. ओटीपी आला की त्या मुलाला वाचून दाखवतात. माझी पोळ्या लाटतानाची सही आणि हा ओटीपी, फरक काय?

बचत गटात शंभर रुपयांचं कर्ज द्यायचं तरी आपण दहा प्रश्न विचारतो. आधीचं फिटलं का? जामीन कोण? कशाला पाहिजे? मग घरातल्या शेअरच्या वेळी जीभ का अडखळते? कंपनीवर कर्ज किती, वर्षाच्या कमाईतून व्याज तरी सुटतं का, मालकांनी स्वतःचे शेअर गहाण ठेवलेत का, एवढं विचारायला काय कॉमर्स शिकावं लागतं? गहाण म्हणजे काय, ते मराठवाड्यातल्या बाईला कुणी शिकवायची गरज नाही. ही माहिती कंपनीच्या वार्षिक अहवालात आणि शेअर बाजाराच्या साइटवर असते. पोरांना मोबाइलवर भाव काढता येतो, तर हेही काढता येईल.

मी वहिनींना म्हटलं, मुलाला रागावू नका, घेऊ नको असंही म्हणू नका. फक्त या तीन गोष्टी काढून आण म्हणावं, मग बोलू. पुढच्या शनिवारी दोघंही आले. पोरगा खाली मान घालून म्हणाला, "काकू, मालकांचे निम्म्याच्या वर शेअर गहाण हायेत. अन् दोन वर्षांपासून व्याजबी भरलं जाईना." जरा थांबून तो म्हणाला, "पण म्हणूनच तर नऊ रुपयाला मिळतोय ना?"

त्याच्या आईनं त्याच्या हातातला मोबाइल घेतला. "मिळू दे," म्हणाल्या, "फीचे पैसे माझ्या पासबुकात राहतील. तू आधी ह्याचा पासवर्ड कसा बदलायचा ते मला दाखव."