सरकारी वेबसाइटचा साचा दिल्लीचा, मजकूर कुणाचा?

अमरावती आणि गडचिरोली, दोन्ही जिल्ह्यांच्या सरकारी वेबसाइट सारख्याच का दिसतात? कारण दोन्ही ‘एस-थ्री-वास’ या एकाच प्रणालीवर चालतात. ती बनवली राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने, म्हणजे एनआयसीने. साचा आणि सुरक्षा त्यांची; मजकूर मात्र जिल्ह्यातल्या कार्यालयानेच भरायचा.

अचलपूरहून अमरावती सुमारे 50 किलोमीटर. भरतीची यादी किंवा भूसंपादनाची नोटीस मोबाइलवर वेळेत दिसली, तर चक्कर वाचते. पण बदली झालेल्या साहेबांचाच नंबर तिथे राहिला, तर चांगली प्रणाली काय कामाची? माहिती अधिकार कायदा 2005 चं कलम 4 माहिती स्वतःहून जाहीर करायला आणि दरवर्षी अद्ययावत करायला सांगतं. ही जबाबदारी त्या-त्या कार्यालयाची आहे, एनआयसीची नाही.