भूमितीतील कारण : नियम पाठ, पडताळा गायब

वाई - दहावीच्या भूमितीत प्रत्येक विधानापुढे कंसात कारण लिहावे लागते. 'विरुद्ध कोन', 'व्युत्क्रम कोन', 'बाकोबा कसोटी' असे शब्द योग्य जागी पडले, की सिद्धता पूर्ण झाली असे मानले जाते. तो नियम समोरच्या आकृतीला लागू पडतो का, हे मात्र बहुधा तपासलेच जात नाही.

दोन त्रिकोणांच्या दोन बाजू व एक कोन समान दिसला, की विद्यार्थी 'बाकोबा' लिहून मोकळा होतो. तो कोन त्या दोन बाजूंमध्ये समाविष्ट असला पाहिजे, ही अट राहून जाते. कोन बी ३० अंश, एबी ५ सेंमी आणि एसी ३ सेंमी घेऊन त्रिकोण काढून पाहावा. ए केंद्र धरून ३ सेंमीची त्रिज्या फिरवली, तर पायाची रेषा दोन ठिकाणी छेदली जाते. मापे तीच, त्रिकोण मात्र दोन! पाच मिनिटांची ही रचना अट का घातली आहे ते दाखवून देते. कसोटीचे नाव घोकून ते कळत नाही.

वाईला हा मुद्दा परका वाटू नये. येथील प्राज्ञपाठशाळेत केवलानंद सरस्वतींनी शास्त्राध्ययनाची परंपरा रुजवली, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी येथेच घडले आणि मराठी विश्वकोशाचे कामही याच गावातून उभे राहिले. न्यायशास्त्रात अनुमानाचे पाच अवयव मानतात : प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय आणि निगमन. पर्वतावर अग्नी आहे, ही प्रतिज्ञा. कारण तेथे धूर आहे, हा हेतू. जेथे धूर तेथे अग्नी, जसे स्वयंपाकघर, हे उदाहरण. हा पर्वतही तसाच धुराने युक्त आहे, हा उपनय. न्यायातील अनुमान अनुभवावर उभे असते, भूमितीतील सिद्धता तशी नसते, हा भेद मोठा आहे. तरीही आपल्या उत्तरपत्रिकेत नेमके काय गळते, हे या मांडणीने चटकन कळते. कंसात नियम येतो, उपनय येत नाही.

अमेरिकेतील गणित शिक्षणाचे अभ्यासक हॅरेल आणि साउडर यांनी १९९८ मध्ये विद्यार्थ्यांच्या समर्थनाचे तीन प्रमुख प्रकार सांगितले. पुस्तकात किंवा शिक्षकांनी सांगितले म्हणून, मोजून पाहिले म्हणून आणि तर्काने निघते म्हणून. कोनमापकाने १७९ अंश आले तरी '१८०च असणार' म्हणणारा मुलगा पहिल्या दोन प्रकारांच्या मध्येच कुठेतरी अडकलेला असतो.

२०१८ मध्ये दहावीचे नवे पाठ्यपुस्तक आले. त्यानंतरच्या आराखड्यात ४० गुणांपैकी ७ गुण 'कृती पूर्ण करा' या स्वरूपाच्या प्रश्नांना दिले गेले. सिद्धता छापलेली, मुलाने रिकाम्या चौकटी भरायच्या. कच्च्या विद्यार्थ्याला यातून आधार मिळतो, हे नाकारता येणार नाही. पण युक्तिवादाचा क्रम दुसऱ्यानेच ठरवलेला असतो.

त्याऐवजी एखादी चुकीची सिद्धता देऊन 'कोणती पायरी टिकत नाही आणि का' असे विचारता येईल. अडचण तपासणीची आहे. चौकटीतील उत्तर क्षणात तपासून होते; असे उत्तर मात्र परीक्षकाला पूर्ण वाचावे लागेल, आणि हाताखाली तर उत्तरपत्रिकांचा गठ्ठा असतो.