जेट-स्की रुसली? आधी पेट्रोल हुंगा!

ऑक्टोबरचा पहिला शनिवार. पाऊस संपलेला, समुद्र शांत. आम्ही चौघांनी पैसे जमवून घेतलेली सेकंडहँड जेट-स्की अलिबागजवळ पाण्यात उतरवली. पहिले दोनशे मीटर सॉल्लिड! आणि मग... फुस्स. थ्रॉटल पूर्ण दाबला तरी इंजिन नुसतं कण्हतंय आणि डॅशबोर्डवर वॉर्निंगचा दिवा. वर ओहोटी आम्हाला आत ओढतेय. एका मच्छीमार काकांनी दोर टाकून किनाऱ्याला आणलं, तेव्हा कुठे जिवात जीव आला.

मेकॅनिकने दिवा पाहिला आणि जाहीर केलं, ‘‘साहेब, इंजेक्टर गेले. तिन्ही बदला.’’ बदलले. खिसा रिकामा, फरक शून्य! खरा गुन्हेगार टाकीत बसला होता. मे महिन्यात भरलेलं पेट्रोल.

फंडा असा आहे, बॉस. 2025 मध्ये आपल्या देशाने पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉलचा टप्पा गाठला. बऱ्याच जेट-स्कींच्या मॅन्युअलमध्ये मर्यादा मात्र 10 टक्क्यांची असते. त्यात इथेनॉल पाणी शोषून घेतं. चार महिने दमट हवेत गाडी उभी राहिली आणि टाकीत पाणी वाढलं, की इथेनॉल आणि पाणी एकत्र होऊन तळाशी बसतात. फ्युएल पंप पेट्रोल उचलतो तेही तळातूनच! इंजेक्टर बिचारा येईल ते फवारतो.

म्हणून स्वस्तातलं आधी तपासा, महागातलं शेवटी.

आरपीएम बघा : आकडा झपकन चढतो, पण स्पीड येत नाही? मग बहुतेक वेळा इंजिन निर्दोष. इंजिन बंद करून, की काढून, खालचा जेट पंप बघा. प्लॅस्टिकची पिशवी किंवा दोर अडकला असेल, नाहीतर इम्पेलरभोवतीची वेअर रिंग झिजली असेल. आकडाच चढत नसेल, तर पुढे वाचा.

सीट उघडून थांबा : आत पेट्रोलची वाफ कोंडते, तिला एक ठिणगी पुरते. वास येत असेल तर स्टार्ट करायचंच नाही. आधी गळती शोधा.

पेट्रोल बघा : टाकीच्या तळातलं थोडं पेट्रोल काचेच्या बाटलीत घेऊन ठेवून द्या. दोन थर दिसले किंवा वार्निशसारखा वास आला, तर टाकी रिकामी करा.

बॅटरी आणि कनेक्टर : फुल चार्ज बॅटरी साधारण 12.6 व्होल्ट दाखवते. बॅटरी ढिली असेल तर कॉम्प्युटर भलतेच कोड देतो. खाऱ्या हवेने कनेक्टरवर हिरवट थर चढतो, तोही बघा.

अदलाबदल करा : एकाच सिलिंडरचा प्लग ओला निघतोय? त्याची कॉइल शेजारच्या सिलिंडरला लावा. दोष तिकडे सरकला, तर कॉइल गेली. इंजेक्टरलाही हीच परीक्षा. आम्ही ती घेतली असती, तर पैसे वाचले असते!

पंप ऐका : बहुतेक मॉडेल्समध्ये की लावली की पंप दोनेक सेकंद गुणगुणतो. आवाज नाही? फ्यूज आणि वायरिंग बघा. आवाज आहे, पण जोर नाही? मेकॅनिककडून फ्युएल प्रेशर मोजून घ्या आणि मॅन्युअलमधल्या आकड्याशी ताडून बघा.

आणि हो, कोड म्हणजे निकाल नव्हे. तक्रार कुठून आली एवढंच तो सांगतो. पार्ट बदलायचा की नाही, ते तपासल्यावरच ठरवा.

पुढच्या मे महिन्यात टाकी रिकामी करा, नाहीतर ताजं पेट्रोल भरून त्यात फ्युएल स्टॅबिलायझर घाला. आणि सीझनची पहिली राइड किनाऱ्यालगतच, लाइफ जॅकेट घालून. काका दर वेळी भेटतीलच असं नाही!