अबोल मुलाची बोली

"घरात अखंड बडबड, बाहेर मात्र तोंडाला कुलूप!" आठवी-नववीतल्या मुलांच्या अम्मींकडून ही तक्रार आपण नेहमी ऐकतो. पाहुणे आले की मुलगा आतल्या खोलीत जातो. शाळेत एकटाच डबा खातो. मग चारचौघांत आपणच म्हणतो, "असा कसा रे लाजरा?" आणि तो आणखी मिटून जातो.

आपल्या सोलापुरात या अबोलपणाचे एक कारण बऱ्याचदा भाषेत असते. मराठी, कानडी, तेलुगू आणि दखनी एकाच गल्लीत कानावर पडतात. घरात दखनी बोलणारे मूल मराठी शाळेत जाते, तेव्हा त्याच्या जिभेवर दोन हिशेब चालू असतात. उर्दू-दखनीत लिंगे दोन, मराठीत तीन. 'किताब दी' म्हणणारे मूल सहज 'पुस्तक दिली' म्हणून जाते, 'शाळा'ची 'शाला' होते. वर्ग हसतो. मूल हुशार असते, उत्तरही येत असते, पण दुसऱ्या दिवसापासून हात वर होत नाही. पालक त्याला स्वभाव म्हणतात. खरे तर ती हसण्याची भीती असते.

अशा घरांसाठी आम्ही प्रकाश नारायण संत यांचे 'वनवास' सुचवतो. संत हे कवयित्री इंदिरा संत यांचे पुत्र. कराडला त्यांनी भूगर्भशास्त्र शिकवले. 'वनवास' 1994 साली आले. पुढे 'शारदा संगीत', 'पंखा' आणि 'झुंबर' या पुस्तकांतही तोच मुलगा भेटतो. त्याचे नाव लंपन. या सुट्या कथा आहेत, पण ओळीने वाचल्या तर एका मुलाच्या मोठे होण्याची कादंबरीच वाचल्यासारखे वाटते.

लंपन आई-वडिलांपासून दूर, सीमाभागातल्या गावात आजी-आजोबांकडे राहतो. आईची आठवण येते, पण ती बोलून दाखवणे त्याला जमत नाही. मनात मात्र त्याचे बोलणे थांबत नाही. कोणतीही गोष्ट सांगताना तो भलेमोठे आकडे वापरतो, एकच आवडता शब्द पुन्हा पुन्हा घोळवतो. सुमीसारखी मैत्रीण आणि बरोबरीची मुले यांच्या संगतीत तो हळूहळू रुळतो.

आपल्या मुलांनी लक्षात घ्यावे असे आणखी काही त्यात आहे. लंपनची मराठी पुण्या-मुंबईची नाही. तिच्यात कानडी शब्द मिसळलेले आहेत. तरी तीच भाषा आज मराठी साहित्याचे भूषण मानली जाते. मग दखनीच्या वळणाने मराठी बोलणाऱ्या मुलाने मान खाली का घालावी? पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन 1990 साली याच सोलापुरात भरले होते. मराठी आपलीही आहे, हे आपल्या मोठ्यांनी तेव्हाच सांगून ठेवले आहे. व्याकरण शिकावे, जरूर शिकावे. पण बोलत बोलत शिकावे, गप्प बसून नव्हे.

घरात काय करता येईल? रात्रीच्या जेवणानंतर एक कथा मोठ्याने वाचावी. अब्बूंनी वाचली तर उत्तमच. मुलाला "यातून काय शिकलास?" असे विचारू नये. त्याला हसू द्यावे. मैत्रीसाठी दहा मुलांचा घोळका लागत नाही. एकाच सोबत्याला इतवारी घरी बोलवावे. दोघांना समोरासमोर बसवून "बोला" म्हणू नये. कॅरम मांडून द्यावा, सायकलचे पंक्चर काढायला लावावे. हात कामात असले की जीभ आपोआप सुटते. मुलींच्या बाबतीत तर जास्त जपावे. शाळा सुटली की त्यांच्या मैत्रिणी सुटतात. ती वाट आपण बंद करू नये.

एक फरक मात्र ओळखावा. लहानपणापासून कमी बोलणारे मूल वेगळे आणि कालपर्यंत बोलणारे, आज अचानक गप्प झालेले मूल वेगळे. दुसऱ्याची झोप, भूक बिघडली, ते शाळा टाळू लागले, तर न रागावता विचारावे, शिक्षकांना भेटावे, गरज पडल्यास डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. पहिल्याला औषध नको. त्याची बोली ऐकून न हसणारा एक दोस्त त्याला हवा, आणि तोवर घरातल्या माणसांनी तरी हसू नये.