त्या एका ओळीला हात लावाल तर

वसाहतीचे सगळे कायदे एका फटक्यात मोडीत काढा, अशी आरोळी ठोकणाऱ्यांनी नीट ऐकावे. उद्या तुमची नजर १८८१च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अ‍ॅक्टवर गेली, तर त्याच्या पहिल्या कलमातली एक ओळ गाळताना गाठ आमच्याशी आहे.

चेक न वटल्याचा खटला, एवढीच या कायद्याची ओळख आज उरली आहे. ते कलम १३८ तर १९८८ साली जोडलेले. मूळ मसुदा १८६६चा, साचा विलायती. तो पंधरा वर्षे रखडला, आणि व्यापाऱ्यांची तक्रार काय, तर तो इंग्रजी कायद्याला पुरेसा धरून नाही! आपली हुंडी मात्र त्या साच्यात मावतच नव्हती. जोखमी हुंडीचे पैसे माल सुखरूप पोचला तरच द्यायचे. विलायती बिल ऑफ एक्स्चेंजला अट चालत नाही. शहाजोग हुंडीचे पैसे बाजारात पत असलेल्या शहालाच मिळायचे; ती ना नामजोग, म्हणजे नाव घातलेल्याला देय, ना धनीजोग, म्हणजे धन्याला देय. हुंडी हरवली तर पेठ ही दुसरी प्रत, पेठही हरवली तर परपेठ ही तिसरी, आणि रक्कम चुकती झाली की हुंडीचा खोका. शेवटी कायदाच मागे सरला. देशी भाषांतल्या अशा दस्तऐवजांच्या स्थानिक रिवाजाला बाधा येणार नाही, असे पहिल्याच कलमात आले. ज्यांना हा कायदाच हवा, त्यांनी तसे दस्तऐवजात लिहावे. त्या ओळीची वसाहतकालीन भाषा आज खटकते, कबूल. भाषा बदला. सवलत काढलीत, तर साहेबाने राखलेला रिवाज तुम्ही बुडवाल.

जपानकडे पाहा. पाश्चात्त्य देशांशी झालेल्या असमान तहांतून सुटण्यासाठी हेर्मान रोस्लर या जर्मन पंडिताकडून १,०६४ कलमांची व्यापारसंहिता लिहून घेतली, १८९०मध्ये जाहीर केली, १ जानेवारी १८९१पासून लागू करायचे ठरवले. देशी रिवाज डावलल्याची ओरड झाली आणि नव्या संसदेने पहिल्याच अधिवेशनात ती पुढे ढकलली. कंपन्या, बिले, दिवाळखोरी एवढे भाग १८९३मध्ये लागू झाले. १८९९मध्ये संहिताच नवी करावी लागली.

तेव्हा सांगून ठेवतो. नव्या कायद्याचा मसुदा आधी मराठीत आणि गुजरातीत काढा. पेढीवाल्यांपुढे, अडत्यांपुढे ठेवा. हरकतींना सहा महिने द्या. रिवाजाची सवलत शाबूत ठेवा. यातले एक जरी टाळलेत, तर विधेयक समितीपुढे येईल त्या दिवशी आमच्या हरकती तिथे हजर असतील. आणि तरीही रेटून मंजूर केलेत, तर मुंबई उच्च न्यायालयातली पहिली याचिका आमची असेल.