बंदर बघायचं तर वजनकाट्यापासून

क्रूझच्या प्रवाशाला एका बंदरात साधारण सात-आठ तास मिळतात. आपली बरीच मंडळी ते बसच्या खिडकीत घालवतात. धक्क्यावर एसी बस उभीच असते. गाईड छत्री उंच धरून पुढे चालतो. एक किल्ला, एक चर्च, मॅग्नेटच्या दुकानात वीस मिनिटं, की चारच्या चहाला सगळे पुन्हा डेकवर हजर. माझं मत सरळ आहे: जुन्या बंदराच्या गावी उतरलात तर बस सोडा आणि चाला. ही गावं गाड्यांच्या कितीतरी आधीची आहेत. हमालाने पाठीवर ओझं घेऊन जावं एवढ्याच अंतरात त्यांची जकात, गोदाम आणि देऊळ सामावलेलं असतं. गुडघ्यांची तक्रार नसेल तर अर्ध्या दिवसात असं अख्खं गाव पायाखालून जातं.

उदाहरण घेऊ क्रोएशियातल्या दुब्रोवनिकचं. एड्रियाटिक समुद्रातल्या क्रूझच्या वेळापत्रकात ते बहुधा असतंच. मोठी जहाजं ग्रूझच्या धक्क्याला लागतात. तिथून जुन्या गावाचा पश्चिमेकडचा पिले दरवाजा तीनेक किलोमीटरवर आहे. सगळा लोंढा या दरवाज्यातून आत शिरतो आणि स्त्रादून या मुख्य रस्त्यावर आइस्क्रीम खात अडकून पडतो. तुम्ही तिथे थांबू नका. पायाखाली घासून गुळगुळीत झालेल्या चुनखडीच्या फरशा आहेत, त्यांच्यावरून जपून पावलं टाकत थेट पूर्वेच्या टोकाला जुन्या बंदरावर जा आणि बघायला सुरुवात तिथून करा. काही जहाजं लोकरूम बेटापाशी नांगर टाकून छोट्या बोटींनी थेट इथेच उतरवतात. तसं झालं तर सोन्याहून पिवळं.

उलटीकडून का? कारण हे गाव समुद्राकडे तोंड करून उभं राहिलं. 1808 साली नेपोलियनच्या सेनानीने मोडीत काढेपर्यंत हे रगुसा नावाचं व्यापाऱ्यांचं प्रजासत्ताक होतं. ऑटोमन सुलतानाला वर्षाला साडेबारा हजार सोन्याची नाणी खंडणी भरायची आणि त्या बदल्यात पूर्व-पश्चिम दोन्हीकडे माल फिरवायचा, हा त्यांचा धंदा. आलेला माल बंदराच्या दरवाज्यातून आत आला, की दोन मिनिटांच्या अंतरावर स्पोन्झा वाडा, म्हणजे जकातघर. 1667 च्या भूकंपात जवळजवळ सगळं गाव कोसळलं, हा वाडा मात्र उभाच राहिला. आतल्या चौकात कमानीवर लॅटिनमध्ये एक शिलालेख आहे. आमची वजनं कुणाला फसवू देत नाहीत आणि फसूही देत नाहीत, मी माल तोलतो तेव्हा देव मला तोलत असतो, असा त्याचा आशय. तराजू याच कमानीखाली टांगलेला असे. आता या वाड्यात प्रजासत्ताकाची दप्तरं जपली आहेत.

बाहेरच्या चौकातला ऑर्लांडोचा स्तंभ 1418 चा. तलवार धरलेल्या या दगडी वीराबरोबर लोक फोटो काढतात आणि पुढे जातात. त्याचा उजवा हात मात्र कोपरापासून नीट बघावा. रगुसाचा कापड मोजायचा 'हात' म्हणजे या पुतळ्याचा हात, 51.2 सेंटिमीटर. गिऱ्हाइकाला मापाबद्दल शंका आली तर सरकारी गज भरचौकात उभा! समोर गावाचा रक्षणकर्ता संत व्लाहो याचं चर्च आहे. गोव्यात कुंभारजुव्याशेजारी गवंडाळीला याच संताचं, म्हणजे सांव ब्राझचं, चर्च आहे. सोळाव्या शतकात गोव्यापर्यंत आलेल्या रगुसाच्या व्यापाऱ्यांशी त्याचं नातं सांगितलं जातं.

शेजारी रेक्टरचा वाडा. रेक्टर म्हणजे राज्यप्रमुख; त्याची मुदत फक्त एक महिना आणि त्या महिन्यात सरकारी कामाशिवाय वाड्याबाहेर पडायची सोय नाही. खुर्चीला चिकटायला वेळच मिळू द्यायचा नाही, असा बेत. मग पायऱ्या चढून रूपेला जा. 1590 मध्ये बांधून झालेलं हे सरकारी धान्यकोठार. त्यात खडक खोदून केलेली पंधरा पेवं आहेत. आजूबाजूला पिकाऊ जमीन थोडी, त्यामुळे धान्य समुद्रावरून यायचं. वेढा पडला किंवा दुष्काळ आला, तर याच पेवांवर भिस्त.

तटावरची 1940 मीटरची फेरी सगळेच करतात, तुम्हीही करा. फक्त टळटळीत दुपारी नको, वर सावली नाही. वरून छपरं बघताना कौलांचे रंग वेगळे दिसतील. भडक नारिंगी दिसतात त्यांतली पुष्कळशी 1991-92 च्या युद्धातल्या तोफमाऱ्यानंतर बसवलेली.

शेवटी पूर्वेच्या प्लोचे दरवाज्यातून बाहेर पडा. तिथे समुद्रालगत लाझारेती, म्हणजे विलगीकरणाच्या कोठड्या, ओळीने उभ्या आहेत. या इमारती सतराव्या शतकातल्या, नियम त्याहून बराच जुना. प्लेगच्या मुलखातून येणाऱ्याने आधी महिनाभर बाहेर, म्हणजे म्रकान बेटावर किंवा त्साव्तातला राहायचं, मगच गावात पाऊल टाकायचं, असा ठराव रगुसाच्या महापरिषदेने 1377 मध्ये केला. जहाजांवर पोट असलेल्या गावाने जहाजं थोपवायची म्हणजे नुकसान पदरात घ्यायचं. ते त्यांनी घेतलं आणि व्यापार त्यानंतर चार शतकांहून अधिक काळ चालवला.

म्हणूनच 2019 मध्ये याच गावाने एका वेळी दोन क्रूझ जहाजं आणि चार हजार प्रवासी अशी मर्यादा घातली, तेव्हा मला नवल वाटलं नाही. 'पर्यटक नकोत का यांना?' असं नाक मुरडणाऱ्यांनी आधी लाझारेती बघावी. माल तोलणारं, कापड मोजणारं आणि माणसं थोपवणारं गाव आता पाहुणे मोजतं आहे. जुनीच शिस्त, नवा माल.

पण मोजण्याने सगळं साधत नाही. चार हजार माणसं दहा ते एक या वेळात एकाच रस्त्यावर उभी राहिली आणि जेवायला जहाजावर परतली, तर गावाच्या वाट्याला फक्त धक्काबुक्की आणि कचरा येतो. जहाजावरच्या जेवणाचे पैसे आधीच भरलेले असतात, ते वसूल करायचे म्हणून आपण पोर्टच्या दिवशीही बफेकडे धावतो. तो हिशेब एक दिवस सोडा. स्त्रादूनपासून दोन गल्ल्या वर चढा, साधी खानावळ शोधा आणि जे शिजलं असेल ते मागवा. शाकाहारी असाल तर उतरण्याआधीच चौकशी करून ठेवा. जहाज सुटायच्या अर्धा तास आधी चढायचं असतं, तेव्हा घड्याळ जहाजाच्या वेळेवर ठेवा. पैसे मात्र गावात खर्च करा.

– पांथस्थ